गुगल फॉर्म्स: ऑफिसातल्या निनावी सर्वेक्षणाला पुरतं का?

पुरतं, पण सेटिंग्ज नीट लावल्या तरच. फुकट आहे, मोबाइलवर पटकन भरता येतं. ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद ठेवा. प्रत्येकी एकाच प्रतिसादाची मर्यादा लावली की लॉगिन मागितलं जातं; त्यातून नाव नोंदलं जात नसलं तरी लोक बिचकतात आणि ‘सगळं छान’ लिहून मोकळे होतात. फाइल अपलोडचा प्रश्न नकोच, त्यालाही लॉगिन लागतं. खरी गोम उत्तरं जमा होतात त्या शीटमध्ये आहे: प्रत्येक उत्तरापुढे तारीख-वेळ पडते. त्यात चार जणांच्या विभागात विभाग आणि वय विचारलंत, तर माणूस ओळखू आलाच (मग निनावी कसलं?). प्रश्न पाच-सातच ठेवा, एक मोकळ्या उत्तराचा. निकाल आठवड्याभरात सगळ्यांना दाखवा, नाहीतर पुढची लिंक कुणी उघडणार नाही.