स्प्रिंग, कॉइलओव्हर की कंपनीचीच उंची?

चाक आणि त्यावरचा पत्रा, म्हणजे फेंडर, यांच्यामधली ती चार बोटं जागा एकदा डोळ्यांत खुपायला लागली की माणूस वेडा होतो, हे मान्य. माझ्या हॅचबॅकला लोअरिंग स्प्रिंगा, म्हणजे गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगा, लावून दोन वर्षं मी बोरिवली ते लोअर परळ केलंय, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात स्वस्त उपाय आधी बाजूला ठेवू. मूळ स्प्रिंगचं दीड वेटोळं ग्राइंडरने कापून देणारे अजून भेटतात. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक लोंबकळलं की स्प्रिंग सैल होऊन जागा सोडते. यावर चर्चा नकोच.

आयबाख, एच अँड आर किंवा कोब्रा, या कंपन्यांच्या स्प्रिंगा गाडी साधारण २५ ते ४० मिलीमीटर खाली आणतात. त्या मूळ स्प्रिंगपेक्षा कडक असतात, कारण खाली बसलेल्या गाडीला दणका पचवायला जागाच कमी उरते. मऊ ठेवल्या तर प्रत्येक खड्ड्यात बंप स्टॉपवर, म्हणजे स्प्रिंग पूर्ण दबली की आदळायच्या रबरी ठोकळ्यावर, ‘धाड’. गंमत म्हणजे शॉकअप मात्र जुनेच राहतात. ते मूळ स्प्रिंगच्या हिशेबाने बनवलेले असतात, त्यामुळे कडक स्प्रिंगची उसळी त्यांना आवरत नाही. ६०-७० हजार किलोमीटर झालेल्या शॉकअपवर नवी स्प्रिंग म्हणजे जुन्या भिंतीला नवा रंग. एक्सप्रेसवेवर लेन बदलताना गाडी झकास वळते, पण अंधेरीच्या पेव्हर ब्लॉकवर मागे बसलेली आई ‘अरे, हळू’ म्हणते.

आता उंचीचा हिशेब, कारण सगळं अडतं ते इथेच. रिकाम्या गाडीखाली १६५ मिलीमीटर आहेत असं धरा. ३५ गेले, उरले १३०. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १०० मिलीमीटर उंच, पण ३.७ मीटर रुंद असतो. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर (व्हीलबेस) अडीच मीटरच्या आतबाहेर असलेली गाडी त्यावर मधोमध आली की दोन्ही चाकंही उंचवट्यावरच असतात, म्हणून पोटाखाली तो जेमतेम ४५ मिलीमीटर वर येतो. तो कधीच लागत नाही. लागतो तो सोसायटीच्या गेटवरचा हातभर रुंदीचा, हौसेने बांधलेला. तो दोन चाकांच्या मध्ये पूर्ण उंचीने उभा असतो आणि चार माणसं बसली की इंजिनाखालच्या ऑइल चेंबरच्या नशिबाची परीक्षा. पावसात तर खड्डा किती खोल ते पाण्याखाली दिसतही नाही.

कॉइलओव्हरमध्ये स्प्रिंग आणि शॉकअप एकमेकांना जुळवलेले येतात, उंची आट्यांवर फिरवून ठरवता येते. चालवायला हे स्प्रिंगपेक्षा सरस, यात वाद नाही. पण पैसे कित्येक पट, आणि ‘जूनमध्ये वर, ऑक्टोबरमध्ये खाली’ हा बेत कागदावरच राहतो. दर वेळी अलाइनमेंट करावी लागते आणि चिखलाने आटे जाम होतात. रोज ऑफिसला जाणाऱ्याने या भानगडीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत.

५० मिलीमीटरच्या पुढे तर कुठल्याच मार्गाने जाऊ नका. लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, बाहेरच्या टोकाला वर चढतो, रोल सेंटर, म्हणजे वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली जातं, आणि वळणावर गाडी कललीच पाहिजे असा तिचा आग्रह सुरू होतो.

कायद्याचंही पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. ही जोखीम तुमची.

आई-वडील रोज मागच्या सीटवर असतील, तर उंची तशीच ठेवून फक्त नवे शॉकअप आणि चांगले टायर घ्या. अर्धी मजा त्यातच मिळते. गाडी एकट्याने चालवणार असाल, तर ३० मिलीमीटरच्या आतली स्प्रिंग, तीही नव्या शॉकअपसकट. सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळायला सांगा, लिफ्टवर नाही. नाहीतर रबर पिळून लवकर फाटतं. नंतर अलाइनमेंट आणि हेडलाइटची पातळी तपासा.

जुन्या स्प्रिंगा भंगारात देऊ नका. माझ्या माळ्यावर होत्या, म्हणून गाडी विकायच्या आदल्या दिवशी फेंडरखाली पुन्हा ती चार बोटं जागा आली.