ब्रिज लोन : पैसे वेळेवर, कागद सावकाश

कोथरूडचा जुना फ्लॅट विकायच्या आधीच बाणेरचा नवा घ्यायचे ठरल्यामुळे मधल्या काळासाठी आम्ही एका बँकेचे ब्रिज लोन घेतले. या कर्जाची मुदत साधारणपणे जास्तीत जास्त दोन वर्षे असते. आमच्या बाबतीत दोन्ही फ्लॅट तारण होते आणि जुना विकला जाईपर्यंत दरमहा केवळ व्याज भरायचे होते, त्यामुळे हप्ता हलका वाटे. व्याजदर मात्र नेहमीच्या गृहकर्जापेक्षा चढा आणि मुद्दल जागच्या जागी.

मंजुरीबाबत तक्रारीला जागा नाही. मात्र 75 लाखांवरील गृहकर्ज घराच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंतच देता येते आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क व नोंदणी फी धरत नाहीत, हे शाखेने आपणहून सांगितले नाही. पुण्यात मुद्रांक शुल्कच 7 टक्के असल्याने तेवढी तजवीज पदरची करावी लागली.

खरी कसोटी लागली ती जुन्या फ्लॅटला गिऱ्हाईक मिळाल्यावर. खरेदीदारही कर्जच काढणार होता, तेव्हा त्याच्या बँकेला आमच्या मूळ कागदपत्रांची यादी आणि फोरक्लोजर लेटर, म्हणजे अमुक तारखेपर्यंत किती रक्कम भरली की कर्ज पूर्ण फिटेल हे सांगणारे बँकेचे पत्र, हवे होते. कर्ज देताना स्वतःहून फोन करणारी शाखा आता ‘वर पाठवलंय’ एवढेच सांगू लागली, आणि पत्र हाती आले तेव्हा त्यावरच्या रकमेची मुदत उलटत आली होती; पुन्हा अर्ज, पुन्हा वाट. कर्ज पूर्ण फिटल्यावर बँकेमुळे कागदपत्रांना 30 दिवसांहून अधिक उशीर झाला, तर दिवसाला 5000 रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे खरा. पण फेडीआधीच्या या खोळंब्याला तो लागू पडत नाही. इसार देऊन बसलेला खरेदीदार समजूतदार निघाला, हे आमचे नशीब.

शिवाय नवे घर आधी घेतले असेल, तर त्यापोटी भांडवली नफ्यावरील करसवलत मिळण्यासाठी जुने घर त्या खरेदीपासून वर्षभराच्या आत विकावे लागते. म्हणजे बँक दोन वर्षे देते, आयकर खाते एकच.

जुन्या घराचे साठेखत झाले असेल किंवा निदान गिऱ्हाईक पक्के असेल, त्यांनी हे कर्ज जरूर घ्यावे; मात्र कागदपत्रांची यादी आणि फोरक्लोजर लेटर किती दिवसांत मिळेल, हे सही करण्यापूर्वी शाखेकडून लेखी घ्यावे. जुने घर अजून विक्रीला काढलेच नसेल, तर या बँकेकडे तूर्त जाऊ नये.