लुआ ५.१ वरून ५.४ वर जाताय? मग मॅन्युअल एक नाही, तीन उघडा

आमच्या पॅकिंग मशीनच्या कंट्रोलरमध्ये, सी मध्ये लिहिलेल्या प्रोग्रामच्या पोटात, लुआ ही छोटी स्क्रिप्टिंग भाषा, तिची ५.१ आवृत्ती बसवलेली आहे, म्हणजे कस्टमरच्या मालाप्रमाणे सेटिंग बदलायचं तर फर्मवेअर (मशीनमधला मूळ प्रोग्राम) न उघडता स्क्रिप्ट बदलली की काम झालं. ते सगळं ५.४ वर न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि गेले दोन महिने लुआचं रेफरन्स मॅन्युअल सकाळ-संध्याकाळ उघडंच असतं, म्हणून हा रिव्ह्यू. मॅन्युअलचा कसला रिव्ह्यू असं घरी पण विचारून झालंय, असो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लुआ ही ब्राझीलची प्रोग्रामिंग भाषा, रिओच्या पीयूसी विद्यापीठात १९९३ मध्ये रॉबर्टो इएरुसालिम्स्की, लुइझ हेन्रिके दे फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस या तिघांनी केलेली, पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र. रेडिस डेटाबेस, निओव्हिम एडिटर, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट गेमची ॲडऑन्स, सगळीकडे हीच आत लपलेली असते. मॅन्युअल फुकट, एकच लांबलचक वेब पेज, नऊ सेक्शन, आणि शेवटच्या सेक्शनमध्ये अख्ख्या भाषेचं व्याकरण, जे जेमतेम एका पानात संपतं.

शिकायला म्हणून उघडाल तर दहा मिनिटांत बंद कराल हे आधीच सांगतो. हातात हात धरून शिकवणं वगैरे काही नाही, एक वाक्य सुटलं की पुढचं डोक्यावरून जातं.

पण सी एपीआयचा (म्हणजे सी मधून लुआ चालवायच्या फंक्शनांचा) चौथा सेक्शन, तिथे मात्र मानलं. प्रत्येक फंक्शनसमोर चौकोनी कंसात तीन गोष्टी लिहिलेल्या असतात, स्टॅकवरून (सी आणि लुआमधल्या देवघेवीची जागा) किती व्हॅल्यू काढणार, किती ठेवणार आणि एरर फेकू शकतं का. लुआ_नेक्स्ट, म्हणजे टेबलमधली (लुआतली की-व्हॅल्यू जोड्यांची यादी) पुढची जोडी देणारं फंक्शन, त्याच्यासमोर बघा, उणे १, अधिक २ किंवा ०. म्हणजे आधीची ‘की’ (जोडीतलं नाव किंवा नंबर) काढून घेतली, पुढची जोडी असेल तर ‘की’ आणि व्हॅल्यू ठेवली, टेबल संपलं तर काहीच नाही. एवढ्या छोट्या खुणेत सगळं. आणि त्याच फंक्शनखाली एक सूचना आहे की टेबल फिरताना ‘की’ वर थेट लुआ_टूएलस्ट्रिंग मारू नका, ‘की’ स्ट्रिंगच (म्हणजे मजकूर) आहे याची खात्री असल्याशिवाय, कारण ते फंक्शन जागच्या जागी आकड्याची स्ट्रिंग करून टाकतं. मी डीबगसाठी नेमकं तेच केलं होतं, आकडेवाल्या की छापत बसलो आणि पुढच्या फेरीला नेक्स्ट गोंधळला, अर्धा दिवस गेला आणि उत्तर त्याच पानावर होतं जे मी वर वर वाचून सोडलं होतं. चूक माझीच.

आवृत्तीगणिक मजकूर कसा घासून घेतलाय ते बघायला मला सगळ्यात मजा आली. टेबलची लांबी सांगणारा लेंग्थ ऑपरेटर घ्या, तो # वाला. ५.१ मध्ये लिहिलं होतं की ॲरेमध्ये भोकं असतील तर ज्या इंडेक्सच्या लगेच पुढे निल (म्हणजे काहीच नाही) आहे असा कुठलाही मिळू शकतो. ५.२ मध्ये एकदम कडक, टेबल सीक्वेन्स (मध्ये भोकं नसलेली सलग यादी) असेल तरच लेंग्थची व्याख्या आहे, नाहीतर नाही. आणि ५.३ च्या मॅन्युअलपासून बॉर्डर (ज्याच्या लगेच पुढे निल आहे तो इंडेक्स) नावाचा शब्द आणून नीट मांडलंय, वर उदाहरण दिलंय की १०, २०, ३०, निल, ५० या टेबलला ३ आणि ५ अशा दोन बॉर्डर आहेत, म्हणजे हा सीक्वेन्स नाही, # यातली कुठलीही देऊ शकतो. माझ्या टीममधल्या पोराला मी हे तीन वर्षं हातवारे करून सांगत होतो, आता ती एक ओळ दाखवतो.

आता तक्रार. आठव्या सेक्शनमध्ये काय काय बदललं ते असतं, पण फक्त लगेच आधीच्या आवृत्तीपासूनचं. ५.४ चं वाचलं तर ५.३ वरून येणाऱ्याचं भागतं, आमच्यासारख्या ५.१ वाल्याने काय करायचं? मी शहाणपणाने फक्त ५.४ चं वाचून पोर्टिंग सुरू केलं. अनपॅक नावाचं फंक्शन सापडेना, ते ५.२ मध्येच टेबल लायब्ररीत गेलंय. सेटएफएन्व्ह हे फंक्शन पण ५.२ मध्येच गायब. ते निदान लगेच बोंबलले तरी. पण मशीनच्या डिस्प्लेवर "५ बॉक्स" च्या जागी "५.० बॉक्स" यायला लागलं तेव्हा ऑपरेटर काकांनी फोन करून विचारलं, "साहेब, अर्धा बॉक्स पण भरायचाय का?" १० भागिले २ केलं की ५.३ पासून उत्तर फ्लोट (दशांश आकडा) आणि छापताना मागे .० लागतं, हे ५.३ च्या आठव्या सेक्शनमध्ये स्वच्छ लिहिलंय, ५.४ च्या नाही. दुहेरी स्लॅश, म्हणजे पूर्णांकी भागाकाराचं चिन्ह टाकलं, मिटलं.

बरं, जुनी मॅन्युअलं साइटवर सगळी जपून ठेवलीत, त्यामुळे हवं ते मिळतं, फक्त शोधायचं कुठे हे आपल्याला माहीत पाहिजे. सुरुवातीच्या पानावर सगळ्या फंक्शनांची यादी आहे ती पण बुकमार्क करा, मी आधी उगाच पूर्ण पानात सर्च मारत बसायचो.

माझ्याकडून ५ पैकी ४ स्टार. ५.२, ५.३ आणि ५.४ तिन्हींचे आठवे सेक्शन प्रिंट काढून स्टेपल करून टेस्ट बेंचवर ठेवलेत, चहाचा डाग पण पडलाय एकावर.