स्कोपस जर्नलच्या नावाखाली ३७,१७० रुपये गेले, आणि पेपर अडकला तो वेगळाच

आधीच सांगते, मला "एवढं शिकलेल्या बाईला कळलं नाही का" हे ऐकायचं नाहीये. घरी ऐकून झालंय, डिपार्टमेंटला ऐकून झालंय. ज्यांना रिसर्च पेपर, इंडेक्सिंग, प्रमोशन हा सगळा जाच माहितीये त्यांच्यासाठीच लिहितेय, बाकीच्यांनी सोडून द्या.

मी एका खाजगी मेडिकल कॉलेजात मायक्रोबायोलॉजीला असिस्टंट प्रोफेसर आहे. नॅशनल मेडिकल कमिशनच्या २०२२ च्या नियमांत असोसिएट प्रोफेसर व्हायचं तर दोन पेपर लागायचे, तेही मेडलाइन, पबमेड सेंट्रल, स्कोपस, डीओएजे असल्या ठराविक डेटाबेसमध्ये इंडेक्स झालेले, म्हणजे नोंद असलेले, आणि नाव पहिल्या तिघांत नाहीतर करस्पाँडिंग ऑथर (पेपरचा पत्रव्यवहार बघणारा लेखक) म्हणून. माझा एक होता. दुसरा एका चांगल्या जर्नलकडे वर्षभर पडून होता आणि शेवटी दोन ओळींचं रिजेक्शन आलं, "नॉट इन स्कोप". स्कोपमध्ये नव्हतं तर पहिल्या आठवड्यात सांगा ना बाबांनो. तिकडे इंटरव्ह्यूची तारीख लागलेली, वरून रोज विचारणा, मॅडम पेपरचं काय झालं. अशा वेळी माणूस काय करतो ते ज्याच्यावर आलंय त्यालाच विचारा.

पेपर खरा होता हे लिहून ठेवा. आयसीयूतल्या पेशंटच्या सॅम्पलमधून वेगळे केलेले क्लेब्सिएला जंतूंचे ४०० आयसोलेट्स, कार्बापेनेम या भारी अँटिबायोटिकला रेझिस्टन्स, त्यासाठीची एमसीआयएम टेस्ट माझ्या पीजी विद्यार्थिनीने रात्री थांबून लावलेली. विकतचा थीसिस नव्हता.

तर कॉन्फरन्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने मेसेज टाकला, "स्कोपस इंडेक्स्ड, मेडिकल, फास्ट रिव्ह्यू". मी पर्सनलवर विचारलं. माणूस अगदी गोड बोलणारा, मराठी, पुण्यात ऑफिस आहे म्हणाला. जर्नलचं नाव पाठवलं, युरोपातलं जुनं जर्नल, मी स्वतः स्कोपसवर जाऊन नाव टाकलं तर होतं की! आयएसएसएन म्हणजे जर्नलचा ओळख नंबर जुळत होता, पब्लिशर जुळत होता. आता यापेक्षा जास्त काय तपासायचं सांगा? नंतर कळलं की जर्नल खरंच होतं पण याने दिलेली वेबसाइट त्या जर्नलची नव्हतीच. नाव त्यांचं, आयएसएसएन त्यांचा, एडिटरांचे फोटोसुद्धा त्यांचे, फक्त पैसे घेणारा दुसराच. याला हायजॅक्ड जर्नल म्हणतात आणि हा धंदा जुना आहे. ॲना अबालकिना नावाच्या संशोधिकेने अशी ६७ हायजॅक्ड जर्नलं शोधून काढली जी खुद्द स्कोपसमध्ये घुसली होती. त्यानंतर २०२३ च्या शेवटी स्कोपसने जर्नलांच्या होमपेजच्या लिंकाच काढून टाकल्या. म्हणजे स्कोपस चालवणारी एल्सवियरएवढी कंपनी फसते आणि अक्कल मात्र माझी काढायची.

(लिंक कधीही एजंटने दिलेली उघडू नका. आयएसएसएन पोर्टलवर नंबर टाकून जर्नलचा पत्ता बघा, रिट्रॅक्शन वॉच या संशोधनातल्या घोळांवर लक्ष ठेवणाऱ्या साइटची हायजॅक्ड जर्नलांची यादी फुकट आहे तीही बघा. आणि स्कोपसवर नुसतं जर्नलचं नाव शोधून उपयोग नाही, त्या वेबसाइटवरच्या मागच्या अंकातला एखादा पेपर टायटलने शोधा. सापडला नाही तर उठा तिथून.)

आता ती गोष्ट जी आठवली की अजून अंगाचा तिळपापड होतो. सबमिट केल्यावर माझं मलाच टेबल दोनमध्ये घोळ दिसला. कुठल्या सॅम्पलमधून किती आयसोलेट्स याचं टेबल, एंडोट्रॅकियल (श्वासनळीतल्या ट्यूबमधलं सॅम्पल) ४१ टक्के, युरिन ३३, ब्लड २२, आणि पसपुढे १६. बेरीज करा, ११२ होते. पसचे आयसोलेट्स १६ होते, टक्के ४, आकड्याचा कॉलम टक्क्यांत उतरला होता. मला वाटलं आता पेपर तपासणारे रिव्ह्यूअर सोलून काढणार, मी करेक्शनचं उत्तरही लिहून ठेवलं. आठवड्याच्या आत ॲक्सेप्टन्स आला. दोन रिव्ह्यूअर, आणि दुसऱ्याने लिहिलं होतं, "टेबल्स आर क्लिअर अँड नाइसली प्रेझेंटेड." ११२ टक्क्यांचं टेबल! आणि मला काय वाटलं माहितीये, हायसं वाटलं. सुटलो बाबा म्हणाले. तिथेच, त्याच मिनिटाला लॅपटॉप बंद करायला हवा होता. कारण मीच दरवर्षी पीजींना सांगते की २०१३ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने सायन्स या जर्नलसाठी ठरवून चुका भरलेला खोटा कॅन्सरचा पेपर ३०४ जर्नलांना पाठवला आणि १५७ जणांनी तो घेतला. स्लाइड आहे माझी त्यावर. पण इंटरव्ह्यू तोंडावर असताना स्लाइड कोणाला आठवते.

पैसे असे गेले. पब्लिकेशन चार्जेस १८,५०० अधिक जीएसटी ३,३३०, म्हणजे २१,८३०. मग "या अंकात हवं असेल तर फास्ट ट्रॅक", ५,००० अधिक ९००. मग "व्हिजिबिलिटी पॅकेज", ८,००० अधिक १,४४०. एकूण ३७,१७०. सगळं यूपीआयने आणि नाव आलं ते एका माणसाचं, जर्नलचं नाही, विचारलं तर म्हणे अकाउंट्स मॅनेजरचं खातं आहे. पावती मात्र इतकी छान की बघत राहावं, लोगो, शिक्का, जीएसटी नंबर. तो नंबर नंतर मोजला तर अक्षरं-आकडे मिळून १४. जीएसटीचा नंबर १५ चा असतो आणि महाराष्ट्राचा असेल तर २७ ने सुरू होतो, यांचा ३३ ने. पुण्यातलं ऑफिस तमिळनाडूत. जीएसटी पोर्टलवर नंबर टाकायला एक मिनिट लागतं, पैसे भरायच्या आधी टाका.

व्हिजिबिलिटी पॅकेजबद्दल स्पष्ट सांगते कारण त्यावरून माझी जास्त बदनामी झाली. मला सांगितलं होतं की पेपर रिसर्चगेटवर टाकणार, मेलर पाठवणार. कोणीही घेतलं असतं. झालं काय, तर गुगल स्कॉलरवर माझ्या जुन्या पेपरांना भराभर सायटेशन, म्हणजे दुसऱ्यांच्या पेपरांत संदर्भ, यायला लागली, त्यांवरून मोजला जाणारा एच इंडेक्स ३ वरून ६. उघडून बघितलं तर सायटेशन करणारे पेपर कसले, माशांचं खाद्य, सिमेंटची ताकद, ऑनलाइन शॉपिंग. क्लेब्सिएलाचा आणि सिमेंटचा काय संबंध? हे विकत मिळतं राजरोस. २०२४ मध्ये न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या अबुधाबीतल्या संशोधकांनी मुद्दाम एका खोट्या प्रोफाइलसाठी ३०० डॉलरला ५० सायटेशन विकत घेऊन दाखवली. मी न मागता माझ्या गळ्यात पडली आणि स्क्रूटिनी कमिटीत एक सर म्हणतात, मॅडम अचानक फारच फेमस झालात. गुगल स्कॉलर काहीही उचलतं, त्यावर दिसतंय म्हणजे इंडेक्स झालं असं समजू नका. आणि "इम्पॅक्ट फॅक्टर ७.८" असं वेबसाइटवर लिहिलेलं असेल तर खरा इम्पॅक्ट फॅक्टर काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीच्या यादीत बघा, बाकी ग्लोबल अमुक, युनिव्हर्सल तमुक सगळे घरी बनवलेले.

अजून आहे. एजंट सुरुवातीला म्हणाला होता, "मॅडम, फॉरेन कोलॅबोरेशन दाखवलं तर वजन वाढतं, दोन परदेशी ऑथर टाकून देतो." मी स्वच्छ नाही म्हटलं होतं, चॅट आहे माझ्याकडे. पेपर छापून आला तर दुसऱ्या नंबरवर एक अनोळखी नाव! कुठल्यातरी परदेशी युनिव्हर्सिटीचं. म्हणजे माझ्या पेपरमधली जागा यांनी कोणालातरी विकली, माझ्याकडून पैसे घेतले ते वेगळे. माझी पीजी तिसरीवर गेली, तिसऱ्या नंबरवरचे आमचे सर चौथ्यावर, म्हणजे त्यांच्या कामाचाच राहिला नाही पेपर. ते माझ्याशी धड बोलत नाहीत अजून.

पकडलं आमच्या लायब्ररियन मॅडमनी. त्यांनी तो अंक उघडून दाखवला, एकाच अंकात २१४ पेपर, शेळीपालन, जीएसटीचा व्यापाऱ्यांवर परिणाम, डेंटल इम्प्लांट आणि मध्ये माझे क्लेब्सिएला. डीओआय, म्हणजे पेपरचा ऑनलाइन ओळख नंबर, टाकला तर "डीओआय नॉट फाउंड". खरं जर्नल वर्षातून चार छोटे अंक काढतं आणि चार्जेस घेतच नाही. मी खऱ्या एडिटरना त्यांच्या युनिव्हर्सिटीच्या मेलवर लिहिलं, दुसऱ्या दिवशी उत्तर, सॉरी, तुमच्यासारखे बरेच आलेत, आम्हीही त्या वेबसाइटविरुद्ध लढतोय. हा मेल पैसे भरायच्या आधी करायचा असतो. लायब्ररियनना चहा पाजा आणि आधी विचारा, त्यांना सगळं माहिती असतं आणि कोणी विचारत नाही.

आता तक्रारीचं ऐका. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन केला, ते म्हणाले पैसे जाऊन बरेच दिवस झाले, आता होल्ड होणार नाही, पोर्टलवर टाका. पोर्टलवर माझ्या प्रकाराला ऑप्शनच नाही, लोन ॲप आहे, जॉब आहे, शेवटी "अदर" केलं, तेव्हापासून "अंडर प्रोसेस". पोलीस स्टेशनला गेले तर साहेब विचारतात, "मॅडम, पेपर छापला ना त्यांनी? मग फसवणूक कुठे झाली?" मी हायजॅक्ड जर्नल समजावून सांगतेय आणि शेजारचा हवालदार पेपर म्हणजे वर्तमानपत्र समजून कुठल्या आवृत्तीत आलं विचारतोय. मी म्हटलं, अहो, आपल्या हैदराबादच्या ओमिक्स कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केस केली, २०१९ मध्ये तिथल्या कोर्टाने ५ कोटी डॉलरच्या वर दंड लावला, असल्याच जर्नलांसाठी. तर म्हणे मग अमेरिकेत तक्रार करा. हे खरंच म्हणाले! बँक म्हणते तुम्ही स्वतः पिन टाकला, ऑथराइज्ड ट्रान्झॅक्शन. कॉलेज म्हणतं जर्नल निवडणं ही ऑथरची जबाबदारी, आणि वर मलाच खुलासा मागणारं पत्र. पेपर मागताना "डिपार्टमेंटचा पेपर", फसल्यावर "ऑथरची जबाबदारी". विद्यापीठ म्हणतं मेडिकल कमिशनला विचारा, त्या कमिशनला मेल केले त्याचं पोच उत्तरसुद्धा नाही. यूजीसीने तर स्वतःची मान्य जर्नलांची केअर यादीच २०२५ मध्ये बंद केली आणि संस्थांनी आपापलं बघावं म्हणून हात झटकले. नियम करायला सगळे पुढे, नियमामुळे जे दुकान उघडलं त्याला टाळं लावायला कोणी नाही. आम्ही पेशंटचे रिपोर्ट द्यायचे, लेक्चर घ्यायचे, बायोमेट्रिक मारायचं आणि उरलेल्या वेळात जर्नलांचे डिटेक्टिव्ह व्हायचं.

आणि पेपर अजून तिथेच आहे. मागे घ्या म्हटलं तर "विथड्रॉवल फी १५,०००". नाही भरली, भरणारही नाही, कारण ज्यांनी भरली त्यांचेही तिथेच आहेत असं कळलंय. तोवर दुसरीकडे पाठवायची सोय नाही, मजकूर आधी छापलाय का बघणाऱ्या सिमिलॅरिटी चेकमध्ये शंभर टक्क्यांच्या जवळ आकडा येणार आणि डुप्लिकेट पब्लिकेशनचा ठपका माझ्यावर. खऱ्या एडिटरांनी मात्र एक पत्र दिलंय की हा पेपर आमच्या जर्नलमध्ये कधीच आला नव्हता. ते जोडून एका भारतीय जर्नलला आधी सगळं खरं सांगून विचारलंय, त्यांनी विचार करू म्हटलंय. पेपरचे हक्क देऊन टाकणाऱ्या कॉपीराइट फॉर्मवर सही लवकर करू नका ते यासाठी.

वकिलांचं म्हणणं पडलं की एकट्या ३७ हजारांसाठी कोणी हलणार नाही, त्याच खात्यावर पैसे भरलेले पाच-सात जण एकत्र आले तर एफआयआर होईल. त्या २१४ पेपरांच्या करस्पाँडिंग ऑथरांना मी एकेक करून मेल टाकतेय, बरेचसे महाराष्ट्रातलेच आहेत. नऊ जणांची उत्तरं आली, त्यातले सहा म्हणाले आमचं प्रमोशन झालंय त्या पेपरवर, कृपया आमचं नाव घेऊ नका.