इंटेल एएक्स२१०: लिनक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपसाठी वायफाय कार्ड

लिनक्ससाठी वायफाय कार्ड घेताना खोक्यावर छापलेल्या वेगापेक्षा त्या चिपचा ड्रायव्हर (ती चालवणारा प्रोग्रॅम) कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आहे की नाही, हे आधी पाहावे लागते. माझ्या एएमडी प्रोसेसरच्या लॅपटॉपमधल्या मूळ कार्डाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नव्हता. त्याचा कोड बाहेरून आणून कंपाइल करावा लागे, म्हणजे त्यातून चालता प्रोग्रॅम बनवावा लागे, आणि कर्नलचे अपडेट आले की बहुधा पुन्हा तीच कसरत करावी लागे. एवढे करूनही अधूनमधून जोडणी तुटत असे, ती तुटतच असे. शेवटी कार्डच बदलायचे ठरवले आणि ग्रँट रोड स्थानकाबाहेर पडून लॅमिंग्टन रोड गाठला.

दुकानदाराने आधी ‘विंडोजच टाकून देऊ का?’ असे विचारले, आणि मी नको म्हटल्यावर ‘मग २११ घ्या साहेब, नवीन मॉडेल आहे’ असा आग्रह धरला. हा सल्ला मानला असता तर पैसे पाण्यात गेले असते. एएक्स२११ आणि त्याच्या आधीचे एएक्स२०१ ही दिसायला पूर्ण कार्डे असली, तरी त्यांच्यात मुख्यतः रेडिओचाच भाग असतो. उरलेले काम इंटेलच्याच सुसंगत प्रोसेसरमध्ये किंवा चिपसेटमध्ये होते, त्यामुळे एएमडीच्या लॅपटॉपमध्ये ती चालत नाहीत. एएक्स२०० आणि एएक्स२१० मात्र स्वयंपूर्ण आहेत. दोन हजारांच्या आसपास खर्च करून मी २१० घेतले आणि बिलावर मॉडेलचा पूर्ण क्रमांक आठवणीने लिहून घेतला.

बसवण्याचे काम नाजूक आहे. कार्ड एम.२ प्रकारचे, २२ बाय ३० मिलिमीटरचे असून ते एकाच स्क्रूवर बसते. खरी परीक्षा अँटेनाच्या दोन वायरींची. त्यांची टोके तांदळाच्या कणीएवढी असतात. ती तिरकी ठेवून दाबली तर वाकतात, म्हणून टोक खाचेवर सरळ टेकवून, बोटाला बारीकसा ‘टक’ जाणवेपर्यंत वरून दाबावे. बॅटरीची जोडणी त्याआधी काढून ठेवावी, हे वेगळे सांगायला नको.

पुढचे काम सोपे झाले. या कार्डाचा आयडब्ल्यूएलवायफाय हा ड्रायव्हर कर्नलमध्ये पूर्वीपासूनच आहे. २१०ला मात्र कर्नल ५.१० किंवा त्यापुढचा लागतो, म्हणजे उबुंटू या लिनक्सची २०.०४ आवृत्ती मूळच्या ५.४ कर्नलवर असेल तर कार्ड ओळखले जाणार नाही. माझ्याकडे उबुंटू २२.०४ असल्याने लॅपटॉप सुरू होताच आसपासच्या नेटवर्कांची यादी समोर आली, आणि ब्लूटूथही त्याच कार्डातून चालू झाले. डेबियन हे लिनक्स वापरणाऱ्यांनी फर्मवेअरकडे (कार्डात चढवायच्या सॉफ्टवेअरकडे) लक्ष द्यावे: २०२३ साली आलेल्या डेबियन १२पासून ते इन्स्टॉलरमध्येच मिळते, त्याआधी ते वेगळे मिळवावे लागे.

गिरगावातल्या आमच्या इमारतीत मजल्यागणिक राउटर आहेत. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ एवढेच, त्यामुळे संध्याकाळी तिथे नुसती खेचाखेच असते. नव्या कार्डाने ५ गिगाहर्ट्झ नीट धरल्यावर व्हिडिओ कॉल अडखळायचे थांबले. स्वयंपाकघरात, मधे दोन भिंती आल्यावर, सिग्नल घसरतो. पण तो दोष कार्डाचा नाही, ५ गिगाहर्ट्झ भिंतींपुढे नमतोच. लॅपटॉप बॅटरीवर असताना प्रतिसाद किंचित रेंगाळत होता, तोही नेटवर्कमॅनेजर या जोडण्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममधले वायफाय पॉवरसेव्हचे (वीजबचतीचे) मूल्य ३ (चालू) होते ते २ (बंद) केल्यावर सुधारला.

सहा गिगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी हे कार्ड घेण्याची घाई मात्र करू नये, कारण तसा राउटर तर हवाच, शिवाय जुन्या लॅपटॉपमधल्या अँटेना त्या पट्ट्यासाठी बनवलेल्या नसतात. ज्यांना तो नकोच आहे, त्यांना एएक्स२०० पुरेसे आहे आणि त्याला कर्नल ५.१ चालतो.

एक उणीव मात्र खरेदीपूर्वीच माहीत असावी. इंटेलची ही कार्डे कोणत्या देशाचे रेडिओ-नियम पाळायचे हे स्वतःच ठरवतात आणि ते ठरेपर्यंत ५ गिगाहर्ट्झवर स्वतःहून प्रक्षेपण सुरू करत नाहीत. त्यामुळे लॅपटॉपचा हॉटस्पॉट करायचा झाल्यास तो साधारणपणे २.४ गिगाहर्ट्झवरच चालतो. केबलने आलेले इंटरनेट लॅपटॉपवरून घरभर वाटण्याचा ज्यांचा विचार असेल, त्यांनी हे कार्ड घेऊ नये.