वजन उतरवायला तीन महिन्यांचा वर्ग की वर्षभराचा?

तीन महिन्यांची फी परवडते, वर्षभराची ऐकून पोटात गोळा येतो. तरीही जमत असेल तर वर्षभराचाच घ्या, असं मी सांगेन. या दोन्हींची थेट तुलना इंग्लंडमध्ये झाली आहे. 2017 साली ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. 1267 जणांपैकी काहींना थोडा सल्ला आणि पुस्तिका दिली, काहींना गटाचा वर्ग 12 आठवडे, काहींना तोच वर्ग 52 आठवडे. वर्षाअखेरीस सरासरी 3.26, 4.75 आणि 6.76 किलो वजन उतरलं होतं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी हेच आकडे 2.30, 3.00 आणि 4.29 झाले. थोडं वजन सगळ्यांचंच परत आलं, पण वर्षभर जाणारे तेव्हाही पुढेच होते.

याचं कारण मला आईच्या वहीत दिसलं. खाल्लेलं सगळं लिहायचं, एवढंच तिला वर्गात सांगितलं होतं. पहिले चार दिवस 'पोळ्या दोन, भाजी, वरणभात'. पाचव्या दिवशी वर्गातल्या ताईंनी विचारलं, "आणि चारच्या चहाबरोबर?" तेव्हा कुठे खारी वहीत आली, आणि फोडणीचं तेल पळीने नाही, चमच्याने मोजायला लागली. मोठा चमचाभर तेल म्हणजे साधारण 120 कॅलरी. ही सवय अंगवळणी पडायला वेळ लागतो. मग दिवाळी येते, लग्नसराई येते, आणि तीन महिन्यांचा वर्ग तोवर संपलेला असतो.

गट की एकट्याने? गट स्वस्त पडतो आणि बहुतेकांना पुरतो. पाळीची नोकरी असेल किंवा चारचौघांत वजनकाट्यावर उभं राहणं नको वाटत असेल, तर सल्लागाराकडे एकट्याने जा. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या गाजलेल्या प्रयोगात सुरुवातीची 16 सत्रं एकेकट्यालाच दिली होती. ध्येय होतं 7 टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम. मधुमेह होण्याचं प्रमाण त्याने 58 टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने 31 टक्क्यांनी. पण थोडक्या महागड्या भेटी आणि वर्षभराचा साधा गट यांतलं एकच परवडत असेल, तर गट घ्या.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या कोर्सबद्दल एकच विचारा: मी पाठवलेली नोंद रोज कोण वाचणार? नुसते तक्ते येणार असतील तर पैसे वाचवा.

नाव घालताना पहिल्या वर्षात भेटी किती, तेही विचारा. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने 2018 मध्ये पाहिलं, तेव्हा परिणाम दिसलेल्या बहुतेक कार्यक्रमांत वर्षाला 12 किंवा जास्त भेटी होत्या. लठ्ठ कोणाला म्हणायचं यात मात्र फरक आहे: तिथे बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) 30पासून लठ्ठपणा धरतात, आपल्याकडे 25पासून. म्हणजे 160 सेंटिमीटर उंचीला 64 किलो.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना भेटा. खाणं कमी झालं आणि डोस तोच राहिला, तर साखर एकदम खाली जाऊ शकते.