रात्रीची खोली: 18 अंश की 21?
निफाड-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत पारा 10 च्या खाली उतरतो, तेव्हा खोली किती ऊबदार ठेवायची? धडधाकट माणसाला गोधडी घेऊन झोपायला 18 पुरे. जागतिक आरोग्य संघटनाही थंडीत किमान 18 च सांगते. घरात आजी-आजोबा किंवा आजारी माणूस असेल तर 21 ठेवा, तिथे विजेचा हिशोब करू नये. 2000 वॅटचा हीटर सलग तासभर चालला की 2 युनिट जातात. 21 ला तो जास्त वेळ चालू राहतो, हवा कोरडी पडते, घसा सुकतो.

हीटरवरचा आकडा मात्र हीटरजवळच्या हवेचा असतो. साधा थर्मामीटर उशीच्या उंचीवर, बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवून बघा. आणि प्लग 16 अँपिअरच्या सॉकेटलाच लावा. साधा एक्स्टेंशन बोर्ड तापून वितळतो.